फडक्यांचे खंड आणि आपले पुढारी

परदेशातल्या मराठी घरांत पुलं हमखास सापडतात, य. दि. फडके क्वचितच. त्याचं एक कारण वजनाचं आहे. 'विसाव्या शतकातील महाराष्ट्र'चे जाडजूड खंड बॅगेत भरले तर लोणचं आणि भाजणी मागे ठेवावी लागते. तरीही माझं म्हणणं असं, की देशाबाहेर राहणाऱ्यांनी फडके जरूर वाचावेत. त्यांची गरज आपल्याला तिथल्या लोकांपेक्षा जास्त आहे.

का, ते सांगतो. आपण अमिरातीत राहतो, पण इथल्या राजकारणात आपल्याला मत नाही. भारतात अनिवासी नागरिकाला २०११पासून मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर जावं लागतं. म्हणजे बहुतेकांचं राजकारण गप्पांपुरतं आणि फोनवर आलेल्या मजकुरापुरतं उरतं. मत द्यावं लागत नाही तिथे मत बाळगणं फार सोपं असतं. मग टिळक, सावरकर, आंबेडकर ही माणसं राहत नाहीत. त्यांच्या तसबिरी होतात, आणि मुलांच्या हाती आपण त्याच देतो.

फडके (१९३१–२००८) मूळचे सोलापूरचे. ते राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही त्यांनी शिकवलं. त्यांनी लिहिला तो मात्र इतिहास, आणि तोही मराठीत, सामान्य वाचकासाठी. सरकारी दप्तर, पत्रव्यवहार, वृत्तपत्रांच्या जुन्या फायली हे त्यांचं भांडवल. टिळकांवर लिहिणाऱ्या याच लेखकानं केशवराव जेध्यांचंही चरित्र लिहिलं. 'शोध सावरकरांचा' या नावातला 'शोध' शोभेचा नाही. त्या पुस्तकात आरती नाही आणि आरोपपत्रही नाही. 'नथुरामायण'मध्ये तर त्यांनी गाजलेल्या एका नाटकातले दावे कागदपत्रांशी ताडून पाहिले. २००० साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, हा अशा कोरड्या, चिकाटीच्या कामाचाही गौरव होता.

या पद्धतीचं मोल कळायला अमेरिकेतला एक समकालीन शेजारी ठेवून पाहा. कोलंबिया विद्यापीठातले रिचर्ड हॉफस्टॅटर (१९१६–१९७०) हे अमेरिकन राजकारणाचे गाजलेले इतिहासकार. १९४८च्या पुस्तकात त्यांनी लिंकनची तसबीर भिंतीवरून उतरवली आणि स्वतःची दंतकथा घडवणारा कसबी राजकारणी दाखवला. पुढे राजकारणातल्या संशयी, कटकारस्थानं शोधणाऱ्या मनोवृत्तीवर त्यांनी लिहिलेला निबंध आजही उद्धृत होतो. त्यांच्याजवळ फडक्यांकडे नसलेली एक गोष्ट होती : शेकडो घटना एका सूत्रात ओवणारी कल्पना. पण अभिलेखागारात ते फारसे रमले नाहीत, आणि १८९०च्या दशकातल्या शेतकरी चळवळीवर त्यांनी अन्याय केला, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. कल्पना कागदाच्या पुढे धावली की असं होतं.

फडक्यांचा दोष नेमका उलटा आहे. उतारे, तारखा, ठराव यांच्या गर्दीत त्यांचं म्हणणं हरवतं. पुराव्यांचा ढीग समोर ठेवून ते निष्कर्ष वाचकावर सोपवतात, आणि वाचक दमतो. तरीही दोघांतला एकच निवडायचा तर मी फडके निवडीन. त्यांच्या पानावर मला त्यांच्याशीच भांडायचं साहित्य मिळतं.

अमेरिकेचा धागा आपल्या घरातही आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३चं 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, कारण त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी कष्ट घेतले होते. फुल्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पुढच्या आवृत्तीचं संपादन फडक्यांनीच केलं. १८७७मध्ये दक्षिणेतली संघराज्याची फौज मागे घेतली गेली आणि तिथल्या कृष्णवर्णीयांचे हक्क हळूहळू हिरावले गेले. ही घटना ठाऊक असली म्हणून अर्पणपत्रिका खोटी ठरत नाही. फुल्यांनी कोणत्या आशेवर पैज लावली होती, ते मात्र नीट दिसतं. तसबिरीत हे दिसत नाही.

एक उणीव मात्र आपल्याला, आखातातल्या वाचकांना, खटकायलाच हवी. फडक्यांचा महाराष्ट्र पक्षांचा, परिषदांचा, संपादकांचा आहे. कोकणातून आखातात कामाला आलेल्या माणसानं ठराव मांडले नाहीत, अग्रलेख लिहिले नाहीत. त्याच्यामागे उरली असतील ती घरची पत्रं, मनिऑर्डरच्या पावत्या आणि जुने पासपोर्ट. फडक्यांची पद्धत कागदावर उभी आहे, म्हणून ज्याचा कागद दप्तरात नाही तो तिच्यातून निसटतो.

पण उपायही त्याच पद्धतीत आहे. तेव्हा पुढच्या खेपेला 'नथुरामायण' आणा. इतिहास तपासायचा कसा, ते त्यात कळेल. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पत्रांची पेटी अजून असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका.