छपाईला प्रकरण, बॅकअपला नाही

आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात जेवणाच्या रांगेत उभे राहिले, तर पुढचे-मागचे दोघे-तिघे संगणकाच्या धंद्यातलेच निघतात. त्यांतल्या ज्यांनी सर्व्हर सांभाळण्यात रात्री काढल्या आहेत, त्यांनी एव्ही नेमेथ व सहकाऱ्यांचे 'युनिक्स सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन हँडबुक' कधी ना कधी चाळलेले असते. पहिली आवृत्ती १९८९ ची. लिनक्सलाही नावात जागा देणारी पाचवी आवृत्ती २०१७ ची. नेमेथबाई कोलोरॅडो विद्यापीठात शिकवीत. जून २०१३ मध्ये न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला निघालेल्या 'निना' या शिडाच्या जहाजासह त्या समुद्रात बेपत्ता झाल्या. पाचव्या आवृत्तीवरही त्यांचे नाव पहिले आहे, आणि ते योग्यच आहे.

या पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे त्याला मते आहेत. अमुक साधन वापरा, तमुकाच्या नादी लागू नका, असे ते बेधडक सांगते. जाळे बंद पडले की एका टोकापासून क्रमाने तपासत जा, एका वेळी एकच बदल करा आणि केलेले लिहून ठेवा, ही त्याची शिकवण. पिंग आणि ट्रेसरूट ही साधने कोणीही चालवतो, पण त्यांच्या उत्तरावरून पुढे काय तपासायचे हा विवेक इथे मिळतो. उदाहरणांतले सेंटओएस लिनक्स आता इतिहासजमा झाले आहे. त्याबद्दल तक्रार नाही, तंत्राची पुस्तके जुनी व्हायचीच.

तक्रार वेगळी आहे. चौथ्या आवृत्तीत (२०१०) बॅकअपवर स्वतंत्र प्रकरण होते. पाचवीत ते गेले, आणि विषय साठवणीच्या प्रकरणात थोडक्यात आटोपला. छपाईचे प्रकरण मात्र शाबूत आहे! हजारावर पानांच्या ग्रंथात ही निवड मला खटकते. क्लाउड आला, स्नॅपशॉट सोपे झाले, टेप मागे पडल्या, असे कोणी म्हणेल. पण साधने सोपी झाली म्हणून प्रश्न सुटला असे होत नाही.

पुस्तक आले त्याच वर्षी, ३१ जानेवारी २०१७ रोजी, गिटलॅबच्या एका अभियंत्याकडून दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही भरवशाची निघाली नाही. बॅकअप फसत असल्याचे निरोप ईमेलने जायचे, पण ते पोचतच नव्हते. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर निभावले. कंपनीने हे सारे स्वतःच मोकळेपणाने प्रसिद्ध केले, हा तिचा मोठेपणा.

मला हे ऐकून हसू आले नाही. वीसएक वर्षांपूर्वी, डॉक्टरेट करत असताना, आमच्या प्रयोगशाळेची डिस्क गेली. टेप रोज रात्री न चुकता भरत होती. वाचायला घेतली तेव्हा कळले की तिच्यावर वाचण्याजोगे काहीच नाही. कित्येक महिन्यांत कोणी एक फाइलही परत काढून पाहिली नव्हती. माझे सात महिन्यांचे निकाल गेले.

म्हणून माझ्या मते त्या गाळलेल्या प्रकरणाचे पहिले वाक्य असे हवे : परत आणून पाहिला नाही तोवर तो बॅकअप नव्हे. आरसिंकने दुसऱ्या डिस्कवर रोज नक्कल केली, तरी बिघडलेल्या फाइलची नक्कलही बिघडलेलीच उतरते. तेव्हा जुन्या प्रती तारीखवार ठेवाव्यात, एक प्रत दुसऱ्या गावी असावी, आणि महिन्यातून एकदा चार फाइली दुसऱ्या यंत्रावर उतरवून उघडून पाहाव्यात.

पुस्तक अवश्य घ्या, नव्या उमेदवाराला आजही मी तेच देईन. मात्र सोबत चौथ्या आवृत्तीतले बॅकअपचे प्रकरणही वाचायला सांगेन. आणि घरच्यांसाठीही एक विनंती. आजीच्या आवाजातल्या ओव्या, मुलांची बारशी, गणेशोत्सवाची छायाचित्रे ज्या एका डिस्कवर आहेत, तिची दुसरी प्रत या शनिवारी उघडून पाहा.