आपट्याचा फलाट आणि चित्रपटाचा आस्वाद

चित्रपटरसिकतेची चर्चा मराठीत बहुधा एक विभागणी गृहीत धरून होते. देशोदेशींचे चित्रपट पाहणारा रसिक एका बाजूस आणि चित्रगृहातील लोकप्रिय चित्रपटात रमणारा प्रेक्षक दुसऱ्या बाजूस. पहिल्याची रुची व्यापक व दुसऱ्याची संकुचित, असा निवाडाही त्याबरोबरच दिला जातो. या निवाड्यात रुचीची व्याप्ती मोजली जाते ती पाहिलेल्या चित्रपटांच्या संख्येवर आणि देशांच्या यादीवर. वस्तुतः कुरोसावा, बर्गमन, फेलिनी ही नावे मुखोद्गत असणे निराळे आणि चित्रपट पाहता येणे निराळे. व्याकरणाची परिभाषा पाठ असलेल्या मनुष्यास ती भाषा येतेच असे नाही. परदेशी चित्रपटांच्या व्यासंगाने दृष्टीत काही फरक पडला की नाही, हे कळते तो रसिक घराशेजारच्या चित्रपटाकडे परत वळतो तेव्हा. ही कसोटी लावून पाहण्यास पनवेल तालुक्यातील आपटा हे स्थळ फार सोयीचे आहे.

आपटा हे पनवेल–रोहा मार्गावरील एक लहानसे स्थानक. 1995 साली प्रदर्शित झालेल्या आदित्य चोप्रा यांच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटाचा अखेरचा प्रसंग याच स्थानकावर चित्रित झाला. कथेत हे स्थानक पंजाबातील आहे. मुंबई सेंट्रल स्थानकासमोरच्या मराठा मंदिरात हा चित्रपट हजाराहून अधिक आठवडे चालला. म्हणजे खऱ्या आगगाड्यांच्या सान्निध्यात बसून वर्षानुवर्षे प्रेक्षकांनी ही एक गाडी सुटताना पाहिली. अशा प्रसंगाविषयी गंभीर समीक्षक बहुधा मौन पाळतो, किंवा एखादे उपरोधिक वाक्य लिहून पुढे जातो. हे मौन परवडणारे नाही.

आगगाडी आणि चित्रपट यांचे नाते चित्रपटाइतकेच जुने आहे. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा जो पहिला खेळ झाला, त्यातही स्थानकात येणारी गाडी होती. तेव्हापासून पडद्यावर इतक्या गाड्या आल्या व गेल्या की ‘आगगाडी म्हणजे वियोग’ किंवा ‘आगगाडी म्हणजे प्रगती’ असा एखादा कोश रचण्याचा मोह व्हावा. तो मोह फोल आहे. फ्रेंच अभ्यासक क्रिस्तियाँ मेत्झ यांनी 1964 मध्ये हा प्रश्न मुळापासून तपासला, तेव्हा त्यांचे म्हणणे असे पडले की चित्रपट हे भाषेसारखे अभिव्यक्तीचे साधन असले, तरी त्याच्यामागे शब्दकोश व नियम यांनी बांधलेली व्यवस्था नाही. एकेक दृश्य शब्दासारखे नसून विधानासारखे असते. याचा व्यावहारिक अर्थ असा की पडद्यावरच्या आगगाडीचा अर्थ आधी ठरलेला नसतो. प्रत्येक चित्रपटास तो आपल्यापुरता घडवावा लागतो.

निरनिराळ्या देशांचे व प्रकारांचे चित्रपट पाहण्याचा खरा लाभ येथेच आहे. फ्रेड झिनेमान यांच्या ‘हाय नून’मध्ये (1952) बाराच्या गाडीने मारेकरी येणार असतो, घड्याळे व ओसाड रूळ आलटूनपालटून दाखवून दिग्दर्शक गाडी येण्यापूर्वीच तिला मृत्यूचे रूप देतो. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’मध्ये (1955) दोन मुले कासाच्या फुललेल्या रानातून गाडी पाहावयास धावतात. तेथे गाडीत बसण्याचा प्रश्नच नाही, ती केवळ पाहावयाची वस्तू आहे. आणि शेवटी ते कुटुंब गाव सोडते तेही बैलगाडीतून. यासुजिरो ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’च्या (1953) अखेरीस विधवा सून गाडीतून परत निघते, तिच्या हाती दिवंगत सासूचे घड्याळ असते, आणि तिची नणंद शाळेच्या खिडकीतून ती गाडी पाहते. निरोपाचे हे दृश्य; पण हात हलविणे नाही, फलाट नाही, अश्रूंचा पूर नाही. तीन चित्रपटांत वाहन एकच, अर्थ तीन, आणि तिन्ही अर्थ दृश्यांच्या जुळणीतून निष्पन्न झालेले.

आपट्याच्या प्रसंगाशी अधिक जवळून ताडून पाहण्याजोगा चित्रपट म्हणजे डेव्हिड लीन यांचा ‘ब्रीफ एन्काउंटर’ (1945). विवाहित स्त्री व विवाहित डॉक्टर यांची ही अल्पकालीन प्रीती स्थानकावर जन्मते व स्थानकावरच संपते. त्यांच्या अखेरच्या क्षणी ओळखीची एक वाचाळ बाई त्यांच्या टेबलाशी येऊन बसते. त्यामुळे निरोपाचा एक शब्दही बोलता येत नाही, आणि जाता जाता तो केवळ तिच्या खांद्यावर हात ठेवतो. लीन यांनी हा प्रसंग चित्रपटात दोनदा दाखविला आहे. प्रारंभी तो दिसतो तेव्हा प्रेक्षकास ही माणसे कोण हे ठाऊक नसते, आणि खांद्यावरचा हात ही साधी शिष्टाचाराची क्रिया वाटते. सर्व हकीकत कळल्यावर तोच हात पुन्हा दिसतो, तेव्हा त्यात एका आयुष्याचा भार आलेला असतो. क्रिया तीच; संदर्भ बदलला आणि व्यंजना पालटली. चित्रपटाला कोश नाही खरा, परंतु आवृत्तीच्या बळावर तो स्वतःचा कोश चित्रपटाच्या आतच तयार करतो.

ही दृष्टी घेऊन आपट्याच्या फलाटावर यावे. नायिकेचे मनगट वडिलांच्या मुठीत आहे. गाडी चालू झाली आहे. दारात रक्तबंबाळ नायक उभा आहे. वडील हात सोडतात, ती धावते, नायक हात पुढे करतो व तिला गाडीत ओढून घेतो. या प्रसंगास निव्वळ भावुकता म्हणून निकालात काढणाऱ्यास एका गोष्टीचे विस्मरण होते. हा हात चित्रपटात पूर्वी एकदा येऊन गेला आहे. आरंभीच्या भागात लंडनच्या स्थानकावर सुटत्या गाडीमागे हीच तरुणी धावत असते, आणि दारात उभा असलेला हाच तरुण, तेव्हा सर्वस्वी अनोळखी, तिला हात देऊन वर घेतो. तेथे हात ही योगायोगाची गोष्ट होती. मध्यंतरी सारी कथा घडून गेल्यावर तोच हात, तीच धाव, तेच दार पुन्हा येते, आणि दोहोंमध्ये नवीन असते ती एकच वस्तू : वडिलांची मूठ. लंडनच्या फलाटावर वडील नव्हते. (प्रवासाची परवानगी मात्र त्यांचीच होती, हे ध्यानात ठेवावयास हवे.) लीन यांच्याप्रमाणेच येथेही आवृत्तीने अर्थ घडविला आहे. लोकप्रिय चित्रपटाची रचना ढिली असते, हा सार्वत्रिक समज येथे टिकत नाही.

रचना घट्ट आहे म्हणून तिच्यातील आशय मान्य करावा, असे मात्र नाही. उलट रचना कळल्यावरच आशयावरील आक्षेप नेमका करता येतो. नायिकेस घेऊन पळून जाण्याचे नायक नाकारतो. वडिलांच्या संमतीवाचून विवाह नको, असा त्याचा आग्रह. त्यामुळे शेवटच्या प्रसंगातील निर्णायक क्रिया धावण्याची नसून मूठ सैल होण्याची आहे. पहिल्या फलाटावर तरुणी आपल्या पायांनी धावली; दुसऱ्या फलाटावर तिला धावू दिले गेले. या चित्रपटास प्रेमाचा विजय म्हणणारे आणि पितृसत्तेचा विजय म्हणणारे दोघेही याच प्रसंगाकडे बोट दाखवितात. दोन फलाट शेजारी ठेवून पाहिल्यास दुसऱ्या पक्षाचे पारडे जड आहे, असे म्हणणे प्राप्त आहे.

प्रकारांच्या सीमा ओलांडून पाहणारी ही दृष्टी मराठीस नवी नाही. दादासाहेब फाळके मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील परदेशी चित्रपट पाहत असता त्यांच्या मनःचक्षूंपुढे राम व कृष्ण उभे राहिले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. भारतीय कथापटाचा उगम अशा एका रसिकाच्या तुलनेत आहे. पुढे 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले व 1968 मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ. या संस्थांमुळे जगाचे चित्रपट मराठी प्रेक्षकासमोर आले. परंतु त्यांच्या परिसरात वाढलेल्या लेखनात स्वदेशी लोकप्रिय चित्रपटाविषयी एक अढीही पुष्कळदा आढळते. तिला ठळक अपवाद अरुण खोपकर यांचा. ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ (1985) या ग्रंथात त्यांनी हिंदी चित्रपटसृष्टीच्या मध्यभागी निर्माण झालेल्या कृती घेतल्या, आणि प्रकाश, अवकाश व हालचाल यांचे विवेचन एरव्ही युरोपीय अभिजात चित्रपटांच्या वाट्यास येणाऱ्या बारकाव्याने केले. ‘शोले’स (1975) तसा भाष्यकार मिळावयास हवा होता. त्याचाही आरंभ आणि शेवट स्थानकावर होतो, त्यातील गाडीवरच्या चकमकीचे चित्रण पनवेलच्या परिसरातच झाले, आणि अमेरिकन व इटालियन वेस्टर्नचे इतके ऋण पत्करूनही तो त्यांपैकी कशासारखाच होत नाही.

आपट्याविषयी एक गोष्ट उरते. ‘ब्रीफ एन्काउंटर’मधील स्थानकाचे नाव काल्पनिक, चित्रण झाले इंग्लंडच्या उत्तरेकडील कार्नफर्थ येथे. तेथील उपाहारगृहाचे अंतर्दृश्य स्टुडिओत उभारलेले होते. पुढे कार्नफर्थकरांनी त्या नेपथ्याबरहुकूम खरेखुरे उपाहारगृह सजविले. दुसऱ्या गावाची भूमिका करणाऱ्या त्या गावाला चित्रपटाने अखेर स्वतःचे नाव मिळवून दिले. आपटा या नावामागे दसऱ्याला सोने म्हणून वाटल्या जाणाऱ्या पानांचा वृक्ष आहे. मराठी कानाला ते नाव मुके नाही. पडद्यावर मात्र ते नाही. मराठी प्रेक्षक तो फलाट पंजाब म्हणूनच पाहतो, आणि रोह्याकडे जाणारा उतारू खिडकीतून तोच फलाट पाहतो तेव्हा तेथे पाटीवर ‘आपटा’ एवढेच लिहिलेले असते.