गीतरत्न : वाच्यार्थाची लाज कशासाठी?

जुन्या करारातील ‘गीतरत्न’ हे अवघ्या आठ अध्यायांचे काव्य. त्यात नियमशास्त्र नाही, संदेष्ट्याचा इशारा नाही, देवाचे नावही जवळजवळ नाही. आहेत ते एक युवक, एक युवती आणि त्यांची परस्परांविषयीची उघड ओढ. रब्बी अकिवा यांनी मात्र याच काव्याला सर्व पवित्र लेखनांत परमपवित्र मानले.

ओरिगेन यांनी त्यात ख्रिस्त आणि ख्रिस्तसभा यांच्या प्रीतीचे रूपक पाहिले. संत बर्नर्ड यांनी ११३५ पासून ११५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यावर ८६ प्रवचने रचली आणि तरीही ते तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापलीकडे पोहोचले नाहीत! ही परंपरा थोर आहे. परंतु रूपकाचा पडदा केला, की काव्यावर अन्याय होतो, असे आम्हांस वाटते. उपमेयाच्या थोरवीसाठी उपमानाला मलिन ठरविणारा टीकाकार रूपकाचाच पाया उखडतो. स्त्रीपुरुषांचे प्रेम मुळात शुभ नसेल, तर ख्रिस्ताच्या प्रीतीला त्याची उपमा द्यावी तरी कशी?

काव्यात प्रथम बोलते ती युवती. अधिक बोलतेही तीच. आपल्या सावळ्या वर्णाचा तिला संकोच नाही. रात्री प्रियकराला शोधताना पहारेकरी तिला मारतात, तरी ती आपली ओढ लपवीत नाही. (महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ जाणणाऱ्या मराठी वाचकाला हा सूर परका वाटू नये.)

सातव्या अध्यायातील एका शब्दापाशी आम्ही नेहमी थांबतो. ओढ या अर्थाचा ‘तेशूका’ हा हिब्रू शब्द जुन्या करारात तीनच ठिकाणी येतो. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, पापानंतर, स्त्रीची ओढ पतीकडे राहील आणि तो तिच्यावर सत्ता चालवील, असे तिला ऐकविले जाते. गीतरत्नात दिशा उलटते. प्रियकराची ओढ आपल्याकडे आहे, असे युवती आनंदाने सांगते. सत्तेचा तेथे मागमूस नाही. एदेन बागेत जे बिघडले, ते हा कवी पुन्हा एका बागेतच सावरतो. आदाम आणि हव्वा प्रथम विवस्त्र होते, पण लाजत नव्हते. लाज आली ती पापाबरोबर, देहाबरोबर नव्हे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये आपल्या बुधवारच्या धर्मशिक्षणात हे काव्य देहाची भाषा म्हणूनच वाचले. विवाहविधीच्या ऐच्छिक वाचनांत त्याचा उतारा आहे, पण तो दुसऱ्या आणि आठव्या अध्यायांतला. देहवर्णनाचे चौथा व सातवा हे अध्याय त्यात नाहीत. विवाहपूर्व मार्गदर्शनात ते जरूर वाचावेत, आणि ‘हे सारे ख्रिस्तसभेविषयी आहे’ असे सांगण्याची घाई मार्गदर्शकाने निदान पहिल्या वाचनात करू नये.