मार्जारभयाची दोन रूपे : ‘कॅट पीपल’ आणि ‘कुरोनेको’

मांजर हा भयपटाच्या दृष्टीने अवघड प्राणी आहे. लांडगा किंवा साप पडद्यावर आला की प्रेक्षक आपोआप सावध होतो. घरात वावरणाऱ्या मांजराची भीती वाटावयाची, तर आधी त्याची ओळख पुसावी लागते. झाक तूर्नर यांचा ‘कॅट पीपल’ (१९४२) व कानेतो शिंदो यांचा ‘कुरोनेको’ (१९६८) हे काम परस्परविरुद्ध रीतींनी करतात.

‘कॅट पीपल’मधील सर्बियन इरेनाची अशी धारणा आहे की, कामवासना वा मत्सर जागृत झाल्यास आपण हिंस्र श्वापद होऊ. तिच्या पतीवर प्रेम करणारी अ‍ॅलिस रात्री उद्यानाच्या भिंतीलगत चालते आहे. मागून येणारा दुसऱ्या टाचांचा आवाज एकाएकी थांबतो. अ‍ॅलिसची पावले झपाझप पडू लागतात आणि अचानक फूत्कार ऐकू येतो. तो असतो थांबणाऱ्या बसचा. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून ‘ल्यूटन बस’ म्हणून रूढ झालेल्या या युक्तीचे पुढे अमाप अनुकरण झाले. अनुकरणात धक्का उरला, त्याआधीची शांतता हरवली. तरणतलावाच्या प्रसंगातही भिंतींवर हलणारा पाण्याचा उजेड, एक सावली आणि गुरगुर एवढेच आहे. याउलट, कार्यालयात बिबट्या प्रत्यक्ष दिसतो आणि भय तेथेच ओसरते.

मात्र या अदृश्यतेला एक नैतिक किंमत आहे. मेलेल्या मेंढ्यांजवळचे पंजाचे ठसे हळूहळू स्त्रीच्या बुटांचे होतात, तेव्हा प्रेक्षकाला ती परदेशी स्त्री श्वापद ठरावी असेच वाटू लागते. तिच्यावर विश्वास न ठेवणारा मानसोपचारतज्ज्ञ खोटा ठरतो. पण तिची बाजू कोणीच घेत नाही.

शिंदो अत्याचार प्रथम दाखवतात. सामुराई सासू-सुनेवर बलात्कार करून घर पेटवतात. जळक्या अवशेषांत मांजर त्यांचे रक्त चाटते. पुढे बांबूच्या बनात सामुराईंचे गळे फाडले जातात, तेव्हा प्रेक्षकाची सहानुभूती भुतांकडे असते. अर्थात, हे प्रसंग फार वेळा घडतात व भयाला विधीचे रूप येते. खरा थरार नंतरचा आहे. वातानाबे नो त्सुना याच्या आख्यायिकेत राक्षस आपला तोडलेला हात न्यावयास त्याच्या मावशीच्या रूपात येतो. (मांजराला वाघाची मावशी म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे नाते सहज जाणवेल.) शिंदो मावशीच्या जागी आईला आणतात. मुलाने तोडलेला हात मांजराचा पंजा झालेला आहे, आणि तो परत मागणारी वेषधारी स्त्री त्याची स्वतःची आई आहे. येथे काहीच लपवलेले नाही. दाराबाहेर कोण उभे आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते.