‘बालक-पालक’ जिथे थांबतो, तिथून पुढे

सातिवलीच्या या गाळ्यांच्या वस्तीत आईवडील शिफ्टला गेलेले असतात आणि मोबाइल पोराच्या हातात असतो. म्हणून आज आम्ही रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ बोलायला घेतलाय.

चित्रपट जानेवारी २०१३ मध्ये आला. वसाहतीतली एक मुलगी बदनाम होऊन घर सोडते. मुलं मोठ्यांना विचारतात, तिने केलं तरी काय? मोठे टाळतात. मग मुलं उत्तर शोधत पिवळ्या पुस्तकांपर्यंत आणि ‘तसल्या’ कॅसेटपर्यंत पोहोचतात. त्यांची नजर बदलते. शेवटी कदमकाका, म्हणजे किशोर कदम, त्यांच्याशी सरळ बोलतात.

चित्रपटाचा मोठेपणा हा, की तो मुलांना खलनायक करत नाही. दोष आपल्या गप्प बसण्याचा आहे, हे हसवत हसवत पटवतो. ते आम्हालाही लागू आहे. आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं, पण घरात हा विषय निघाला की आम्ही वर्तमानपत्र उघडायचो.

पण आमची तक्रार आहे. निघून गेलेली ती मुलगी शेवटपर्यंत मुलांच्या कुतूहलाचं निमित्तच राहते. तिच्या बाजूने गोष्ट सांगितली जात नाही. म्हणजे बघणाऱ्याचं अज्ञान दूर झालं, पण जिच्याकडे बघितलं तिचं काय? माहिती मिळाली की माणूस समोरच्याला माणूस मानतो, असं नसतं. ‘नको’ हा शब्द ऐकायला वेगळं शिकावं लागतं.

त्याच वर्षी मुंबईत शक्ती मिलची दोन प्रकरणं उघडकीला आली. दोन्हींत मिळून दोन आरोपी अठराच्या आतले होते. २०१५ साली बाल न्याय मंडळाने त्यांना तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल शाळेत पाठवलं. लोक म्हणाले, एवढंच? हा संताप आम्हाला कळतो. न्यायमूर्ती वर्मा समितीने बालकाचं वय अठरावरून खाली आणू नये असं सांगितलं होतं. तरी २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर, गुन्हा अतिगंभीर असेल तर, प्रौढासारखा खटला चालवायची वाट उघडली. त्याआधी मंडळाने तपासायचं, की कृत्याचे परिणाम मुलाला कळत होते का.

आता बघा, परिणाम कुणावरचे? ‘मी पकडला जाईन’ हे कळणं वेगळं आणि ‘तिचं काय होईल’ हे कळणं वेगळं. पहिलं भीतीने येतं. दुसरं मात्र घरातून, शाळेतून यावं लागतं. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं, त्यापायी खटले सोसले. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, २००७ मध्ये, याच राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं! मग मोबाइलला दोष देऊन काय उपयोग?

आणि प्रतिबंध फसला तर? आपल्याच मुलाबद्दल तक्रार आली तर? पहिली गोष्ट, तक्रार करणारीला खोटं पाडू नका. दोघांना समोरासमोर बसवू नका. ‘आपसात मिटवू’ म्हणू नका. पोक्सो कायद्यात अशा गुन्ह्याची खबर देणं बंधनकारक आहे. १०९८ हा क्रमांक मुलांसाठीच आहे. कुणाचंही नाव गल्लीत पसरवू नका, ते कायद्यानेही वर्ज्य आहे. दुसरी गोष्ट, मुलाला घराबाहेर काढू नका. ‘तू हे केलंस, त्याची जबाबदारी तुझी, आणि तू अजून आमचा आहेस’ ही तिन्ही वाक्यं एकाच दमात म्हणता आली पाहिजेत. समुपदेशन ही शिक्षेतली पळवाट नव्हे. केलेलं नीट बघायला लावणं मुलाला तुरुंगाइतकंच जड जातं.

दोन वयात येणाऱ्या मुलांचं परस्परांच्या मनाने जुळलेलं प्रेम आणि जबरदस्ती यांत कायदा वयामुळे फारसा फरक करत नाही. आपण तरी बोलताना तो केला पाहिजे, नाहीतर मुलं आपल्याकडे येणारच नाहीत.

‘बालक-पालक’ घरी मुलांबरोबर जरूर बघा. संपला की टीव्ही बंद करा आणि एकच विचारा: निघून गेलेल्या त्या ताईला काय वाटलं असेल? आम्हाला वाटतं, खरा चित्रपट तिथून सुरू होतो.