दुःख दाखव, मग गाणं ऐकू

एला फिट्झजेराल्डवर जाझच्या समीक्षकांचा एक जुना आरोप आहे. गळा मोठा, सूर पक्का, पण दुःख कुठंय? बिली हॉलिडे कशी आतून तुटून गाते, ही आपली मजेत.

आता ही पोरगी कोण ते बघा. जन्म 1917 चा, न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्समध्ये वाढली. 1932 ला आई मेली. शाळा सुटली. आकड्यांच्या जुगाराचे निरोप पोचव, कोठ्याच्या दारात उभं राहून पोलिसांवर नजर ठेव, अशी कामं केली. 1933 मध्ये कोर्टानं तिला हडसनच्या सरकारी सुधारगृहात टाकलं. तिथं काळ्या मुलींची घरं वेगळी आणि मोडकी. मारहाण ठरलेली. गाणाऱ्या मुलींचा ताफा होता, तो गोऱ्या मुलींचा. म्हणजे हा गळा त्या भिंतीआड होता आणि त्याला तिथं जागा नव्हती! ती स्वतः याबद्दल जाहीरपणे बोलली नाही. 1996 ला वारली, त्यानंतर थोड्याच दिवसांत वर्तमानपत्रानं हे छापलं.

चरित्रकारांना आवडतो तो पुढचा प्रसंग. 21 नोव्हेंबर 1934, हार्लेमचं अपोलो थिएटर, हौशी कलाकारांची स्पर्धा. एला गेली नाचायला. आधी नाचलेल्या बहिणींना बघून हबकली, म्हणून गायली आणि पहिली आली. म्हणे नशीब उघडलं. नशीब कसलं डोंबलाचं? कॉनी बॉसवेलच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून तिनं गाणं घोटलं होतं, त्याचा हिशेब कोण करणार?

काही गाण्यांत ती शब्दांच्या वरवरून जाते, हे मला मान्य आहे. तिथं बिलीच श्रेष्ठ. पण बिलीही नऊ-दहा वर्षांची असताना अशाच संस्थेत डांबली गेली होती. दोघींच्या पाठीवर वळ तेच. एकीनं ते गाण्यात आणले, दुसरीनं त्यांना गाण्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं. हा तिचा हक्क की उणीव?

आपल्याही कवितेचं परीक्षण 'दाहक', 'विदारक' याच्यापुढं जात नाही. जखम दाखवली तर दाद, छंदावर बोललो तर सगळे गप्प.

1960 ला बर्लिनमध्ये 'मॅक द नाइफ' गाताना एला शब्दच विसरली. थांबली नाही. तिथल्या तिथं नवे रचले, आपली फजितीही त्यातच गाऊन टाकली आणि ताल कुठं सोडला नाही. ती रेकॉर्ड मिळवून ऐका, मग दुःखाचं बोलू.