धातूंची फ्लोराइडे आणि एका रूढ विधानाची परीक्षा

मुक्त फ्ल्युओरीन वायू विद्युत्-विच्छेदनावाचून तयार करता येत नाही, हे विधान पाठ्यपुस्तकांत पिढ्यान् पिढ्या येत राहिले. त्याचे मूळ स्पष्ट आहे. २६ जून १८८६ रोजी मॉयसां यांनी निर्जल हायड्रोजन फ्लोराइडात पोटॅशियम हायड्रोजन फ्लोराइड विरघळवून, प्लॅटिनमच्या उपकरणात विद्युत्-प्रवाहाच्या साहाय्याने हे मूलद्रव्य प्रथम अलग केले. तत्पूर्वीचे रासायनिक प्रयत्न फसले होते. परंतु अपयशांच्या मालिकेवरून अशक्यतेचा नियम काढणे तर्कशास्त्रास धरून नाही. कार्ल क्रिस्टे यांच्या १९८६ सालच्या ‘इनऑरगॅनिक केमिस्ट्री’तील दोन पृष्ठांच्या निबंधाचे खरे महत्त्व येथे आहे.

कृती साधी आहे. पोटॅशियम परमँगॅनेट व पोटॅशियम फ्लोराइड यांवर जलीय हायड्रोफ्लोरिक अम्लात हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रिया केली असता पोटॅशियम हेक्झाफ्लोरोमँगॅनेट हे पिवळे संयुग मिळते. पेरॉक्साइड येथे क्षपणकाचे कार्य करते. अँटिमनी पेंटाक्लोराइड व हायड्रोजन फ्लोराइड यांपासून अँटिमनी पेंटाफ्लोराइड बनते. ही दोन्ही संयुगे सुमारे १५०° सेल्सिअसला एकत्र तापविली की फ्ल्युओरीन बाहेर पडतो. उतारा ४० टक्क्यांहून अधिक आहे.

यामागील विचार असा : अँटिमनी पेंटाफ्लोराइड हे अधिक प्रबल ल्यूइस अम्ल असल्याने ते मँगॅनीज टेट्राफ्लोराइडाला त्याच्या लवणातून विस्थापित करते. मुक्त झालेले टेट्राफ्लोराइड अस्थिर असल्यामुळे ट्रायफ्लोराइड व फ्ल्युओरीन यांत विघटन पावते. हे विघटन परत फिरत नाही, म्हणून विस्थापनाचा समतोलही पुढेच ढकलला जातो. जे फ्लोराइड टिकत नाही, त्याच्या दुर्बलतेचाच येथे उपयोग करून घेतला आहे.

दोन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. उच्च संयुजेची काही फ्लोराइडे तापविल्यास फ्ल्युओरीन देतात, मग यात नवे काय? पोटॅशियम हेक्झाफ्लोरोनिकेलेट हे त्याचे उदाहरण. परंतु ते लवण फ्ल्युओरीन वापरूनच केले जाते. ती साठवण होय, निर्मिती नव्हे. प्रस्तुत कृतीत मुक्त फ्ल्युओरीन कोठेही खर्ची पडत नाही. दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे : उद्योगात परमँगॅनेट हेच मँगॅनेटाच्या विद्युत्-ऑक्सिडीकरणाने बनते, तेव्हा वीज मागल्या दाराने आलीच! याचे उत्तर असे की क्लोरीनच्या अथवा कार्बन डायऑक्साइडच्या योगानेही मँगॅनेटापासून परमँगॅनेट मिळते. विजेचा वापर तेथे सोयीचा आहे, अपरिहार्य नाही.

तथापि, या कृतीला औद्योगिक मूल्य नाही, हेही सांगितले पाहिजे. एक ग्रॅम-रेणू लवणास दोन ग्रॅम-रेणू पेंटाफ्लोराइड लागते आणि सैद्धान्तिक उताराही अर्धा ग्रॅम-रेणू फ्ल्युओरीन एवढाच. उत्पादन आजही विद्युत्-विच्छेदनानेच होते.

दोन्ही घटक-संयुगे विसाव्या शतकाच्या आरंभीच ज्ञात होती. उणीव द्रव्यांची नव्हती; ‘अशक्य’ हा शब्द तपासून पाहण्याची होती. म्हणून अध्यापकांनी ते विधान ‘व्यवहारात विद्युत्-विच्छेदनच सोयीचे’ असे दुरुस्त करून शिकवावे, आणि संशोधक विद्यार्थ्याने जुनी लवणे नव्या प्रश्नांसह पुन्हा चाळावीत.